हमिदा बानू : कल्याणमधील एका विस्मृत महिला कुस्तीगिराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

भारतीय क्रीडा-इतिहासाच्या लेखनात स्त्रियांना फार उशिरा स्थान मिळाले. त्यातही जे खेळ परंपरेने पुरुषांचे मानले गेले, त्यांत पाऊल टाकणाऱ्या आद्य स्त्रियांची नोंद अपवादानेच आढळते. 1940 व 1950 च्या दशकांत पुरुष मल्लांना आव्हान देणाऱ्या हमिदा बानू हे याचे ठळक उदाहरण होय. त्यांचा जन्म उत्तर प्रदेशातील मिर्झापूरचा, मल्लविद्येचे शिक्षण अलीगढचे आणि अखेरची वर्षे कल्याणची. ठाणे जिल्ह्याशी असा थेट संबंध असूनही स्थानिक इतिहासात त्यांचे नाव सहसा आढळत नाही. त्यांच्या कारकिर्दीचा मागोवा घेणे आणि त्यांच्या विस्मरणाची कारणे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कारकिर्दीचा आलेख

मिर्झापूरहून अलीगढला गेल्यावर हमिदा बानूंनी सलाम पहिलवान यांच्याकडे कुस्तीचे धडे घेतले. पुढे वृत्तपत्रांनी त्यांना ‘अलीगढची अ‍ॅमेझॉन’ म्हणजे ग्रीक पुराणकथांतील योद्धा स्त्री, असे बिरुद दिले. त्यांचे वजन 108 किलो, उंची 5 फूट 3 इंच, रोजचा सराव सहा तासांचा आणि झोप नऊ तासांची, असे तपशील वृत्तपत्रे आवर्जून छापीत. त्यांच्या आहाराचे वर्णन तर डावपेचांच्या वर्णनापेक्षा अधिक विस्ताराने येई. त्यांच्याकडे खेळाडू म्हणून पाहण्याऐवजी एक नवल म्हणून पाहण्याची समकालीन दृष्टी यातून स्पष्ट होते.

1944 साली मुंबईत गुंगा पहिलवान यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती पाहण्यासाठी सुमारे 20,000 प्रेक्षक जमल्याचे वृत्त ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने दिले होते. प्रतिस्पर्ध्याने अधिक रक्कम आणि तयारीसाठी अधिक अवधी मागितल्याने ती कुस्ती ऐनवेळी रद्द झाली आणि संतप्त जमावाने मैदानाची नासधूस केली. एका स्त्रीची कुस्ती पाहण्यासाठी तिकीट काढून एवढा समुदाय येतो, ही बाब तत्कालीन सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

1954 च्या फेब्रुवारीत त्यांनी, जो पुरुष आपल्याला कुस्तीत हरवील त्याच्याशी विवाह करू, असे जाहीर आव्हान दिले. त्यानंतर पतियाळा आणि कलकत्ता येथील मल्लांना त्यांनी हरविले. मे महिन्यात त्या बडोद्यास आल्या, तेव्हा 300 हून अधिक कुस्त्या जिंकल्याचा त्यांचा दावा होता. तेथे नियोजित प्रतिस्पर्धी छोटे गामा यांनी स्त्रीशी लढण्यास नकार देऊन माघार घेतली. त्यांच्या जागी आलेल्या बाबा पहिलवान यांना हमिदा बानूंनी 1 मिनिट 34 सेकंदांत चीत केले. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी व्हेरा चिस्टिलिन या रशियन महिला मल्लास एका मिनिटाच्या आत पराभूत केले.

महाराष्ट्रातील विरोध

ही कीर्ती सर्वत्र स्वागतार्ह ठरली नाही. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी होणारी कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. कोल्हापुरात शोभासिंग पंजाबी या मल्लास हरविल्यानंतर प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली आणि दगडफेक केली. शाहू छत्रपतींच्या राजाश्रयाने घडलेली आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांना घडविणारी ही तालमींची नगरी. तेथे तांबडी माती ही केवळ क्रीडाभूमी नव्हती, तर पुरुषार्थाच्या प्रतिष्ठेचे स्थान होते. त्या मातीत पुरुषाची पाठ स्त्रीने टेकवावी, हे प्रेक्षकांच्या पचनी पडले नाही.

कुस्त्यांवरील बंदीबाबत हमिदा बानूंनी मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे लेखी तक्रार केली. बंदी स्त्री असल्यामुळे नाही, तर आयोजक त्यांच्यासमोर नकली प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारींमुळे आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. हा आक्षेप सर्वस्वी निराधार मानता येणार नाही. त्या काळातील दंगलींत खेळ आणि करमणूक यांची सरमिसळ होतीच. रोनोजॉय सेन यांनी ‘नेशन अ‍ॅट प्ले’ (2015) या ग्रंथात याकडे लक्ष वेधले आहे. परंतु ही सरमिसळ पुरुषांच्या कुस्त्यांतही होती, हे विसरून चालणार नाही.

तुलनात्मक दृष्टिक्षेप

येथे इंग्लंडमधील महिला फुटबॉलचा दाखला उद्‌बोधक ठरतो. 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ या कारखान्यातील कामगार स्त्रियांच्या संघाचा सामना सुमारे 53,000 प्रेक्षकांनी पाहिला. त्यानंतर वर्षभरातच, 5 डिसेंबर 1921 रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने स्त्रियांना देण्यास मनाई केली. हा खेळ स्त्रियांस अयोग्य आहे, या मताला सामन्यांच्या उत्पन्नाच्या विनियोगाविषयीच्या तक्रारींची जोड देण्यात आली होती. ही मनाई सुमारे पन्नास वर्षे टिकली. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकांच्या उदासीनतेमुळे स्त्रियांचा खेळ थांबला नाही. गर्दी जमत असतानाच त्यांचे मैदान काढून घेतले गेले आणि त्यासाठी व्यवस्थापनातील दोषांचा आधार घेतला गेला.

कल्याणमधील उत्तरायुष्य

1954 साली युरोपात कुस्त्या खेळण्याचा मनोदय हमिदा बानूंनी जाहीर केला होता. मात्र त्यानंतर कुस्तीच्या वृत्तांतून त्यांचे नाव जवळजवळ नाहीसे झाले. कुटुंबीयांनी अलीकडे सांगितलेल्या आठवणींनुसार, सलाम पहिलवान यांचा त्यांच्या युरोप-प्रवासाला विरोध होता. त्यातून झालेल्या मारहाणीत हमिदा बानूंचे हात मोडले, असे त्यांचे नातू सांगतात. दोघांचा विवाह झाला होता की नाही, याविषयीही कुटुंबात एकवाक्यता नाही. मौखिक साधनांतील अशी भिन्नता त्यांचे मूल्य कमी करीत नाही. उलट, घराच्या चार भिंतींआड संपलेल्या कारकिर्दीचा पुरावा वृत्तपत्रांच्या संचिकांत शोधणे किती अपुरे आहे, हेच त्यातून दिसते.

कल्याणमध्ये त्यांचा दूधव्यवसाय होता. सलाम पहिलवान अलीगढला परतल्यावरही हमिदा बानू कल्याणलाच राहिल्या. दुधाची विक्री आणि जागेचे भाडे यांवर त्यांचा चरितार्थ चाले. पैशांची चणचण भासू लागल्यावर त्यांनी घरी केलेले खाद्यपदार्थ रस्त्याकडेला विकले. 1986 मध्ये त्यांचे निधन झाले. एकेकाळी हजारोंच्या गर्दीसमोर उतरलेली ही स्त्री कल्याणकरांना दूधवाली म्हणूनच परिचित राहिली असावी.

निष्कर्ष

हमिदा बानूंच्या विस्मरणामागे तीन कारणे संभवतात. पहिले, त्यांच्या कुस्त्या कोणत्याही अधिकृत संघटनेच्या छत्राखाली न झाल्यामुळे विक्रमांच्या नोंदवह्यांत त्यांना स्थान मिळाले नाही. दुसरे, करमणुकीचा शिक्का बसल्याने अभ्यासकांनी त्यांच्या कौशल्याची गंभीर दखल घेतली नाही. तिसरे, स्थानिक इतिहासलेखन दुर्गाडी किल्ला, बंदर आणि रेल्वे यांभोवती केंद्रित राहिले. उदरनिर्वाहासाठी येथे स्थायिक झालेल्या परप्रांतीय, श्रमजीवी स्त्रीला त्यात जागा नव्हती.

महिला कुस्तीचा ऑलिंपिकमध्ये समावेश 2004 साली झाला. 2016 मध्ये साक्षी मलिक यांनी कांस्यपदक मिळविले. मार्च 2023 मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. तिच्या अंतिम फेरीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडी यांच्यासमोर उभ्या होत्या कल्याणच्या वैष्णवी पाटील. ज्या शहरात हमिदा बानूंनी अखेरचे दिवस काढले, त्याच शहराची कन्या राज्याच्या सर्वोच्च आखाड्यात उतरली, हा योगायोग असला तरी इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याची नोंद घ्यावयास हवी. हमिदा बानूंना पाहिलेली पिढी आता वार्धक्यात आहे. कल्याण-डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी जुन्या रहिवाशांच्या मुलाखती आणि नगरपालिकेची मालमत्ता-दफ्तरे यांच्या आधारे हे संशोधन वेळीच हाती घेणे अगत्याचे आहे.