बाळाच्या भातातला खारा मासा

हाँगकाँग बेटाच्या पश्चिम भागात खाऱ्या मासळीची जुनी पेठ आहे. डोक्याला कागद गुंडाळून उलटे टांगलेले मासे तिथल्या दुकानांत दिसतात. यातला नावाजलेला प्रकार बनतो तो आपल्याकडे ज्याला रावस म्हणतात त्या जातीच्या माशापासून. मासा आधी एक-दोन दिवस तसाच ठेवून नरम पडू द्यायचा, मग मिठात मुरवायचा आणि उन्हात वाळवायचा. वास उग्र, चव त्याहून उग्र. एवढासा तुकडा वाफवून भातावर ठेवला की गरिबाचे जेवण होई. आईचे दूध सुटू लागलेल्या मुलाच्या मऊ भातातही हाच तुकडा कुस्करला जाई. माझ्या मते, नाकामागच्या घशाच्या कॅन्सरचा या शहरातला इतिहास समजून घ्यायचा तर माशापेक्षा या वाटीकडे पाहायला हवे.

जगात बहुतेक ठिकाणी हा कॅन्सर वर्षाला लाखात एखाद्यालाही होत नाही. हाँगकाँगमध्ये 1980 ते 1984 या काळात पुरुषांमधले प्रमाण लाखात 28.5 होते. कॅन्सरतज्ज्ञ जॉन हो यांना आढळले, की होड्यांवर राहणाऱ्या टांका कोळ्यांत तो जमिनीवरच्या लोकांच्या जवळपास दुप्पट आहे. या कुटुंबांच्या आहारात खारा मासा रोजचा होता. तिथून हो यांचा संशय बळावला. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना हा मासा खाऊ घातला, तेव्हा काहींच्या नाकात गाठी झाल्या. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पस्तिशीच्या आतले 250 रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक घेतले होते. शक्य तिथे त्यांच्या आयांनाही विचारले गेले. या तरुण वयातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक रोगाचा संबंध बालपणी खाल्लेल्या खाऱ्या माशाशी लावता येतो, असा निष्कर्ष निघाला. मोठेपणी किती खाल्ले यापेक्षा लहानपणी खाल्ले की नाही, हे जास्त महत्त्वाचे ठरत होते.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. आजारी मुलाची आई जुने खाणे अधिक बारकाईने आठवते, हा पहिला. तो खरा आहे, पण उंदरांना आठवणींचा दोष लागत नाही. दुसरा आक्षेप आनुवंशिकतेचा आणि एपस्टाइन-बार विषाणूचा. हाँगकाँगच्या कॅन्टनी वंशात धोका मुळात जास्त आहे आणि विषाणूचा माग गाठीत सापडतो, हे निर्विवाद आहे. मात्र तो विषाणू जगभर बहुतेकांच्या अंगात असतो, आणि अमेरिकेत जन्मलेल्या चिनी वंशाच्या लोकांत हा रोग तिथे स्थलांतर करून गेलेल्यांपेक्षा कमी आढळतो. वंश तोच, ताट बदललेले. नायट्रोसअमाइनसारखी कर्ककारक द्रव्ये या माशात सापडतात, त्यामुळे ताटावरचा संशय निराधार राहत नाही.

कोकणातल्या वाचकाला इथे आपला खारा बांगडा आठवेल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1993 साली चिनी पद्धतीच्या खाऱ्या माशाला निश्चित कर्ककारकांच्या यादीत घातले. इतर खाऱ्या मासळीबद्दल मात्र ठरवण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले. म्हणजे बांगड्याला दोषी ठरवण्याची घाई नको, आणि त्याला निर्दोष म्हणण्याचीही.

1995 ते 1999 या काळात हाँगकाँगच्या पुरुषांमधले प्रमाण लाखात 20.2 वर आले. शहर श्रीमंत झाले, भाज्या-फळे वाढली, राहणीमान बदलले. घट फक्त माशामुळे झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. पण त्या श्रीमंतीचाच एक भाग असा, की तान्ह्यांच्या भातात कुस्करायला आयांना दुसरे काहीतरी परवडू लागले होते.