मुक्कामी अडलेले टपाल



व्याख्यानाच्या आरंभी कार्यवाहांनी आपणा सर्वांना खिशातले फोन बंद ठेवण्याची विनंती केली, आणि आपण बहुतेकांनी ती मानली, याबद्दल मी आभारी आहे. येथून बाहेर पडल्यावर आपण ते पुन्हा सुरू कराल. मधल्या वेळात आलेले निरोप मग एकामागून एक उतरू लागतील. कोणाचे बोलावणे, कोणाची चौकशी, कोणाची सुप्रभात. त्या गर्दीत एक निरोप दुसऱ्यात मिसळत नाही, पहिल्याचे शेपूट तिसऱ्याला चिकटत नाही. हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की त्यात कोणी काही विशेष केले असेल असे मनातही येत नाही. निरोप धाडण्याचा इतिहास आपल्याला बराचसा ठाऊक असतो. तारायंत्र, टेलिफोन, बिनतारी वगैरे. निरोप घेण्याचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. धाडणाऱ्याच्या वाट्याला कौतुक येते, घेणाऱ्याच्या वाट्याला हमाली. आज मी त्या हमालीची हकीकत सांगणार आहे.

ही हकीकत अमेरिकेतली आहे. इ. स. १९६९ मध्ये तेथील संरक्षण खात्याच्या एका संशोधन शाखेने दूरदूरच्या विद्यापीठांतले संगणक एकमेकांना जोडण्याचे काम हाती घेतले. या जाळ्याचे नाव आर्पानेट. त्या वर्षाच्या अखेरीस त्यात चार ठिकाणे होती: लॉस एंजेलिस व सँटा बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठे, स्टॅनफर्डची संशोधन संस्था आणि युटा विद्यापीठ. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डकडे 'लॉगिन' हा शब्द पाठवू लागले. दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. म्हणजे या जाळ्याच्या पहिल्याच निरोपात गडबड झाली ती घेणाऱ्याच्या दारी! तासाभराने पुन्हा प्रयत्न झाला व तो साधला. असो.

विद्यापीठांचे मोठे संगणक एकमेकांशी थेट बोलत नसत. प्रत्येकाच्या दाराशी एक लहान संगणक टपालवाल्यासारखा बसवला होता. त्याला 'इम्प' म्हणत. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील बी.बी.एन. या कंपनीने तो तयार केला होता. त्याची सारी स्मरणशक्ती बारा हजारांच्या आसपास शब्दांची, आणि एकेक शब्द सोळा बिटांचा. आजच्या फोनवर काढलेल्या एका छायाचित्रालाही ती पुरणार नाही. मोठ्या संगणकाने इम्पच्या हाती संदेश द्यावा, तो जास्तीत जास्त सुमारे आठ हजार बिटांचा. इम्पने त्याचे हजार-हजार बिटांचे तुकडे पाडावेत, म्हणजे फार तर आठ. या तुकड्याला तंत्रज्ञ पॅकेट म्हणतात. आपण पाकीट म्हणू. प्रत्येक पाकिटावर पत्ता व अनुक्रमांक घालून ते वाटेला लावावे. पाकिटे निरनिराळ्या वाटांनी जात, मागची पुढे होत, पुढची मागे राहत. शेवटच्या मुक्कामाच्या इम्पने ती आपल्या जागेत गोळा करावीत, क्रमाने लावावीत आणि आठही हाती आली म्हणजे सबंध संदेश आपल्या मोठ्या संगणकाच्या स्वाधीन करावा. मग उलट निरोप जाई: पुढचा संदेश येऊ द्या. एका जोडणीवरून एका वेळी एकच संदेश वाटेवर, असा नियम होता. कागदावर यात उणे काढायला जागा दिसत नाही.

आता या योजनेत खोड कोठे होती, ते मी आपल्या परिचयाच्या दाखल्याने सांगतो. एका गावात लग्नाचा मोठा मुहूर्त आहे. चार वऱ्हाडे यायची आहेत, प्रत्येकाच्या आठ बैलगाड्या. धर्मशाळेच्या अंगणात चोवीस गाड्यांची जागा आहे. रीत अशी की, आठही गाड्या आल्याशिवाय कोणतेही वऱ्हाड मांडवाकडे हलत नाही. मामा मागच्या गाडीत असताना पुढे कोण जाणार? गाड्या येतील तशा रखवालदार आत घेतो. चारही वऱ्हाडांच्या सहा-सहा गाड्या आत आल्या आणि अंगण भरले. आता प्रत्येक वऱ्हाड आपल्या उरलेल्या दोन गाड्यांसाठी खोळंबले आहे, आणि त्या गाड्या वेशीबाहेर जागेसाठी खोळंबल्या आहेत. आतले हलत नाहीत म्हणून बाहेरच्यांना वाव नाही, बाहेरचे येत नाहीत म्हणून आतले हलत नाहीत. कोणाचे काही चुकलेले नाही. रखवालदार तर बिचारा आल्या गाडीला नाही म्हणाला नाही! आणि मुहूर्त टळतो.

एवढ्यावर संपते तर बरे. वेशीबाहेरच्या गाड्यांनी रस्ता अडतो, त्यांच्यामागे भलत्याच गावाला निघालेल्या गाड्याही अडकतात. आर्पानेटमध्ये नेमके हेच होण्याजोगे होते. कारण पुढच्या इम्पची पोच येईपर्यंत मागच्या इम्पने आपल्याजवळची प्रत टाकायची नाही, असा दंडक होता. पोच येईना म्हणजे मागच्याचीही जागा अडली, त्याच्यामागच्याचीही.

बी.बी.एन.मध्ये रॉबर्ट कान नावाचे एक गणिती पंडित होते. जाळे असे गोठेल, असे त्यांचे म्हणणे होते. इम्पचा कार्यक्रम लिहिणाऱ्यांत विल क्राउदर हे प्रमुख. यांना डोंगर चढण्याचा आणि गुहा धुंडाळण्याचा नाद, आणि थोडक्या शब्दांत कार्यक्रम बसवण्यात हातखंडा. कार्यक्रमकारांना कान यांची शंका पुस्तकी वाटली. यंत्र चालते आहे, आता कशाला अभद्र बोलावे? हा स्वभाव केवळ अमेरिकेतच आढळतो असे नाही. शेवटी १९७० च्या आरंभी कान हे डेव्हिड वॉल्डन या सहकाऱ्याला घेऊन लॉस एंजेलिसला गेले आणि त्यांनी जाळ्यावर मुद्दाम भार घातला. जाळे गोठले. वाद तेथेच मिटला.

मला या प्रसंगात मौज वाटते ती पुढच्या भागाची. ज्या दोघांचा मतभेद, त्या कान आणि क्राउदर यांनीच मिळून तोड काढली, व १९७२ साली दोघांच्या नावाने त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. तोड अशी: मोठा संदेश पाठवण्यापूर्वी मुक्कामाच्या इम्पला आधी विचारायचे, आठ पाकिटांची जागा आहे काय? त्याने ती राखून ठेवून होकार धाडला की मगच पहिले पाकीट सोडायचे. एका पाकिटाचा लहान संदेश असेल तर तो तसाच पाठवावा. जागा नसली तर मुक्कामाचा इम्प तो टाकून देईल, पण मूळ प्रत धाडणाऱ्याकडे असतेच, जागा होताच ती पुन्हा मागवली जाईल. टाकून देण्याची ही मुभा मला फार महत्त्वाची वाटते. तोपर्यंत घेणाऱ्याचा धर्म एकच समजला जात होता, आले ते घ्यावे. आता त्याला दोन गोष्टींचा अधिकार मिळाला: आपल्या जागेचा हिशेब आधी सांगण्याचा आणि नाही म्हणण्याचा.

पुढे कान यांनी व्हिंटन सर्फ यांच्याबरोबर मे १९७४ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात तर गोळा करण्याचे व क्रम लावण्याचे ओझे वाटेवरच्या टपालवाल्याकडून काढून थेट दोन्ही टोकांच्या संगणकांवरच घातले. फ्रान्समध्ये लुई पूझँ यांच्या सिक्लाद जाळ्यातही विचार याच दिशेने चालला होता. घेणारा संगणक आता प्रत्येक पोचेबरोबर कळवू लागला की, माझ्याकडे अजून इतकी जागा आहे, तेवढेच धाडा. या आकड्याला 'खिडकी' असे नाव पडले. हीच टी.सी.पी. पद्धत. १ जानेवारी १९८३ रोजी सारे आर्पानेट तिच्यावर गेले, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेही हीच पद्धत घेऊन.

खिडकीने सगळे दुःख निवारले असे मात्र नाही. ती घेणाऱ्याचे अंगण सांगते, मधल्या रस्त्याचे काही सांगत नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कली येथे एकमेकांपासून अवघ्या चारशे यार्डांवर असलेल्या दोन जागांमधली वाहतूक सेकंदाला बत्तीस हजार बिटांवरून चाळीस बिटांवर आली. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावर उपाय मांडला. तो विषय स्वतंत्र आहे.

आपल्या फोनवरच्या निरोपांकडे वळायचे तर आणखी एक पायरी उतरावी लागते. टी.सी.पी. अक्षरे क्रमाने देते, पण निरोप कोठे संपला हे सांगत नाही. नळाला पाणी यावे तशी अक्षरे येतात. एकदा ओंजळ भरली तर तिच्यात अर्धा निरोप असेल किंवा अडीच असतील. नवशिका कार्यक्रमकार एक ओंजळ म्हणजे एक निरोप असे धरून चालतो. त्याच्या मेजावर दोन्ही संगणक शेजारी असतात, तेथे ते बिनबोभाट चालते. खऱ्या रस्त्यावर गेले की निरोप तुटू लागतात, आणि तो बिचारा जाळ्याला दोष देत बसतो. १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू येथे यार्क्को ओइकारिनेन यांनी गप्पांसाठी आय.आर.सी. सुरू केले. त्याचे नियम १९९३ मध्ये लेखी आले, त्यांत हा प्रश्न सरळ सोडवलेला आहे. निरोप ५१२ अक्षरांहून मोठा नको, ओळ संपल्याची खूण म्हणजे निरोपाचा शेवट, आणि प्रत्येक जोडणीला ५१२ अक्षरांचा स्वतःचा वेगळा खण; खूण दिसेपर्यंत आलेले तेथेच राहू द्यायचे. शिवाय बडबड्या माणसाचाही बंदोबस्त होता! प्रत्येक निरोपामागे त्याच्या नावावर दोन सेकंद चढवायचे. उधारी दहा सेकंदांवर गेली की त्याचे पुढचे निरोप रांगेत तसेच ठेवायचे. सभेच्या अध्यक्षांना असे एखादे यंत्र मिळाले तर ते त्याचा पहिला प्रयोग माझ्यावरच करतील.

आजचा निरोप्या कार्यक्रम हेच करतो, फक्त खण पुष्कळ झाले. एक भाग अक्षरे उचलतो व निरोप पुरा झाला का ते पाहतो. पुरा झालेला रांगेत लावतो. दुसरा भाग त्याचे कुलूप काढतो, तो साठवतो आणि मग पडद्यावर आणतो. व्हॉट्सॲपवर निरोपापुढे बरोबरची एक खूण उमटते ती निरोप मधल्या संगणकाने घेतल्याची. दुसरी खूण उमटते ती समोरच्याच्या यंत्राकडे निरोप पोचल्याची. आपण आज जे फोन बंद करून बसला आहात, त्यांच्याकडे निघालेल्या निरोपांपुढे या घटकेला एकच खूण असेल.