फोरम सॉफ्टवेअर

फोरम सॉफ्टवेअर : संकेतस्थळावर येणाऱ्यांना सदस्य होऊन विषयवार धागे काढता यावेत, एकमेकांना प्रतिसाद देता यावेत आणि हे सगळे बोलणे पुढे शोधून वाचता यावे, यासाठीची तयार प्रणाली. बातमीखालची प्रतिक्रियांची पेटी किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा गट यांच्याहून ती वेगळी. फोरमवरचा धागा दुसऱ्या कोणाच्या मजकुराला लटकलेला नसतो, आणि पाच वर्षांनी आलेल्या माणसालाही तो पहिल्यापासून वाचता येतो. ग्राहकाच्या चालू संकेतस्थळाला फोरम जोडून देणारे लोक ‘सोपी प्रणाली कोणती’ असे हमखास विचारतात. सोपेपणा मात्र तिघांचा वेगवेगळा असतो : बसवणाऱ्याचा, त्यावर लिहिणाऱ्याचा आणि बसवणारा पैसे घेऊन निघून गेल्यावर रोज फोरम सांभाळणाऱ्याचा. पहिल्या दोघांचा विचार बहुतेकजण करतात. निवड चुकते ती तिसऱ्याच्या बाबतीत.

पूर्वपीठिका : वेब येण्याच्या कितीतरी आधी ही कल्पना रुजली होती. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणकजाळ्यावर डेव्हिड वुली या विद्यार्थ्याने १९७३ मध्ये ‘नोट्स’ हा कार्यक्रम लिहिला. विषय, त्याखाली क्रमाने उत्तरे हा आजचा साचा त्यात दिसतो. १९७८ मध्ये शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी दूरध्वनीवरून चालणारा पहिला संगणकी सूचनाफलक सुरू केला. त्यावर एका वेळी एकालाच येता येई. १९८० पासून विद्यापीठांच्या संगणकांमध्ये ‘यूझनेट’ या चर्चागटांच्या जाळ्यावरची देवाणघेवाण वाढली.

वेबवर प्रथम लोकप्रिय झालेले ‘अल्टिमेट बुलेटिन बोर्ड’ पर्ल भाषेत लिहिलेले होते आणि सगळा मजकूर साध्या फायलींत ठेवी. वर्दळ वाढली की सर्व्हर धापा टाकू लागे. या त्रासातूनच २००० मध्ये पीएचपी आणि मायएसक्यूएलवर आधारलेले ‘व्हीबुलेटिन’ निघाले. ते विकत घ्यावे लागे. त्याच वर्षी जेम्स अ‍ॅटकिन्सन यांनी ‘पीएचपीबीबी’ सुरू केले, ते मात्र मुक्त परवान्याखाली, फुकट. स्वस्त सामायिक होस्टिंगवर पीएचपी आणि मायएसक्यूएल आयते मिळत असल्याने पुढच्या दहा वर्षांत जगभरचे छंदिष्टांचे, वाहनवेड्यांचे, खेळाडूंचे फोरम या घराण्यातल्या प्रणालींवर उभे राहिले. ‘सिंपल मशीन्स फोरम’ आणि ‘मायबीबी’ ही त्यातलीच पुढची नावे. २०१० मध्ये व्हीबुलेटिनमधून बाहेर पडलेल्या जुन्या विकसकांनी ‘झेनफोरो’ काढले; व्हीबुलेटिनच्या मालक कंपनीने त्यांच्यावर दावा लावला, तो काही वर्षांनी निकालात निघाला.

मराठीत ही गोष्ट थोड्या आडवाटेने आली. अँटवर्प विद्यापीठातल्या मित्रांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ड्रीस बायटार्ट यांनी एक छोटा संदेशफलक लिहिला होता. तोच जानेवारी २००१ मध्ये ‘द्रुपल’ म्हणून सर्वांसाठी खुला झाला आणि वाढत वाढत संपूर्ण संकेतस्थळ चालवणारी प्रणाली बनला. मनोगत, उपक्रम, मिसळपाव, ऐसी अक्षरे ही मराठी चर्चास्थळे द्रुपलवर उभी राहिली. १९९६ पासून चालू असलेली मायबोलीही पुढे द्रुपलवरच आली. त्यामुळे मराठी वाचकाच्या मनातला फोरम हा लेख, कविता, पाककृती आणि भांडण एकाच प्रकारच्या पानावर सामावणारा असतो, आणि मराठी ग्राहक ‘आम्हाला फोरम हवा’ म्हणतो तेव्हा अनेकदा त्याच्या डोळ्यांसमोर असे काहीतरी असते. त्याला पीएचपीबीबीचे विभाग-उपविभागांचे कोरडे तक्ते दाखवले की तो हिरमुसतो. निवडीआधी हे बोलून घ्यावे.

जोडण्याच्या तऱ्हा : पहिली तऱ्हा म्हणजे आहे त्याच प्रणालीत फोरमची भर घालणे. ग्राहकाचे स्थळ वर्डप्रेसवर असेल तर ‘बीबीप्रेस’ हा सर्वांत जवळचा रस्ता. २०११ पासून ते प्लगइनच्या रूपात मिळते. सदस्य तेच, प्रवेश तोच, रूपही बहुधा त्याच थीमचे. धागे आणि प्रतिसाद वर्डप्रेसच्या नेहमीच्या लेखांच्या तक्त्यातच साठतात. हीच त्याची सोय, आणि लाखभर प्रतिसाद झाले की हीच अडचण, कारण तो तक्ता अशा भारासाठी आखलेला नाही. शेदोनशे ग्राहकांच्या शंका-समाधानासाठी एवढे पुरे आहे. छोट्या कामासाठी याहून मोठे काही सुचवणाऱ्याने कारण सांगावे.

दुसरी तऱ्हा, त्याच होस्टिंगवर वेगळ्या फोल्डरात किंवा उपनावावर स्वतंत्र प्रणाली बसवणे. पीएचपीबीबी, सिंपल मशीन्स आणि मायबीबी होस्टिंगच्या ‘सीपॅनेल’ या नियंत्रणफलकातून पाच-दहा मिनिटांत बसतात. ‘फ्लॅरम’ नव्या वळणाचे : ‘ईसोटॉक’ आणि ‘फ्लक्सबीबी’ या दोन जुन्या प्रकल्पांच्या एकत्र येण्यातून ते निघाले. पाने हलकी, मोबाइलवर नीट दिसणारी. पहिली पक्की आवृत्ती २०२१ मध्ये आली. तेही पीएचपीवरच चालते, पण ते बसवायला आणि त्यात भर घालायला ‘कंपोझर’ या पीएचपीच्या साधनाची माहिती लागते. इथली खरी गाठ सदस्यत्वाची आहे. दुकानासाठी एक पासवर्ड आणि फोरमसाठी दुसरा, असे झाले की निम्मे लोक दारातूनच परततात. एकच प्रवेश दोन्हीकडे चालेल अशी जोडणी त्या प्रणालीत आयती आहे की लिहून घ्यावी लागेल, हे अंदाजपत्रक देण्याआधी पाहावे. लिहून घ्यावी लागणार असेल तर फुकट प्रणाली फुकट राहत नाही.

तिसरी तऱ्हा, वेगळा सर्व्हर. जेफ अ‍ॅटवुड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांनी २०१३ मध्ये जाहीर केलेले ‘डिस्कोर्स’ या गटातले प्रमुख. रुबी ऑन रेल्स, पोस्टग्रेस आणि रेडिस असा त्याचा संसार. तो डॉकरच्या खोक्यात बंद करूनच बसवावा असे निर्माते सांगतात. सामायिक होस्टिंगवर ते चालत नाही. साधारण २ जीबी स्मृतीचा आभासी सर्व्हर आणि पत्रे खात्रीने पोहोचवणारी ईमेल सेवा लागते. ‘नोडबीबी’ही याच पठडीतले. बसवायला ही मंडळी अवघड, पण सांभाळायला डिस्कोर्स उलट सोपे पडते. नव्या सदस्याला सुरुवातीला दुवे आणि चित्रे टाकण्यावर मर्यादा असते. तो वाचत, लिहीत राहिला की विश्वासाची पायरी आपोआप चढते, आणि वरच्या पायरीवरचे सदस्य साफसफाईत हातभार लावतात. रोजचा संपादक नसलेल्या ग्राहकासाठी ही व्यवस्था मोलाची आहे.

चौथी तऱ्हा भाड्याची : प्रणाली बनवणारी कंपनीच सगळे चालवते, दरमहा पैसे घेते. तंत्रज्ञ नसलेल्या संस्थेला ही लाजेची गोष्ट वाटू नये. अट एकच, सदस्य आणि मजकूर यांची संपूर्ण प्रत हवी तेव्हा उतरवून घेता आली पाहिजे. गूगलचे समाजमाध्यम ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले तेव्हा तिथल्या गटांमधल्या गप्पांचे काय होणार, हे त्या गटांच्या हातात नव्हते. चित्रांचेही तेच. अनेक फोरमांवरची छायाचित्रे ‘फोटोबकेट’वर ठेवलेली असत, २०१७ मध्ये त्या कंपनीने बाहेरच्या स्थळांवर चित्रे दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलरची योजना घ्यायला लावली आणि इंजिन दुरुस्तीपासून विणकामापर्यंतच्या हजारो जुन्या धाग्यांतली चित्रे एका रात्रीत गेली. चित्र आपल्याच सर्व्हरवर चढवण्याची सोय असलेली प्रणाली निवडणे त्यामुळे इष्ट, मग जागा थोडी जास्त लागली तरी चालेल.

देखभाल : डिसेंबर २००४ मध्ये ‘सँटी’ नावाचा किडा पीएचपीबीबीच्या एका जुन्या त्रुटीतून शिरू लागला. नवे बळी तो चक्क गूगलवर शोधून काढी, आणि शेवटी गूगलने त्याचे शोधच अडवले. तोवर हजारो फोरमांची पाने पुसली गेली होती. या त्रुटीची दुरुस्ती महिनाभर आधीच प्रसिद्ध झालेली होती. ती बसवायला कोणी नव्हते, एवढेच. त्या काळी पीएचपीबीबीत एखादी सोय वाढवायची तर मूळ फायलींत काटछाट करावी लागे. नवी आवृत्ती घेतली की ती काटछाट पुन्हा करावी लागे, म्हणून लोक आवृत्ती घेणेच टाळत. २०१४ च्या ३.१ आवृत्तीपासून भर घालण्याची स्वतंत्र सोय आली आणि हे दुखणे पुष्कळ कमी झाले. कोणतीही प्रणाली पाहताना तिच्या सोयींची यादी नंतर वाचावी. आधी शेवटची सुरक्षा-दुरुस्ती केव्हा निघाली आणि ती एका कळीवर बसते की नाही, ते पाहावे. अशा दुरुस्त्या बसवण्याची जबाबदारी वार्षिक देखभाल करारात लिहून घेतलेली बरी.

कचरा हा दुसरा रोजचा शत्रू. नवा फोरम उघडला की पहिले सदस्य बहुधा माणसे नसतात. ‘एक्सरूमर’सारखी हत्यारे नोंदणीअर्ज आपोआप भरून औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिराती टाकत सुटतात. वाकड्या अक्षरांची चाचणी त्यांना फार काळ थोपवत नाही; ‘स्टॉप फोरम स्पॅम’ किंवा ‘अकिस्मेट’ या कचरा ओळखणाऱ्या सेवांची जोडणी आणि पहिल्या एक-दोन प्रतिसादांना संपादकाची मान्यता, हा उपाय जास्त चालतो. स्थानिक विषयाच्या फोरमवर नोंदणीच्या वेळी प्रश्नही स्थानिक विचारावा. ‘पंचगंगा कोणत्या नदीला मिळते?’ हे कोल्हापूरकराला सांगावे लागत नाही, परदेशी यंत्राला त्यावर खास मेहनत घ्यावी लागते. डू-आयडीवर, म्हणजे एकाच माणसाने काढलेल्या जादा खात्यांवर, मात्र कोणत्याही प्रणालीकडे रामबाण नाही. एकाच ठिकाणाहून येणारी खाती दाखवणारा तक्ता मिळतो, बाकी संपादकाचे नाक.

मराठी मजकूर : मायएसक्यूएलमधली जुनी ‘यूटीएफ-८’ मांडणी प्रत्येक चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट देते. देवनागरी त्यात बसते, म्हणून चाचणीत सगळे ठीक दिसते. मग कोणीतरी चार बाइटांचा हसरा चेहरा टाकतो आणि काही सर्व्हरांवर त्यापुढचा सगळा मजकूर छाटला जातो. २०१० पासून उपलब्ध असलेली ‘एमबी-४’ मांडणी पहिल्याच दिवशी निवडावी. शोधाची गोष्ट याहून त्रासदायक. मायएसक्यूएलच्या शोधाच्या मूळ मांडणीत तीन चिन्हांहून लहान शब्द सूचीत घेतलेच जात नाहीत. शेतीच्या फोरमवर ‘ऊस’ शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही, आणि ग्राहक समजतो की शोध बिघडला. काही प्रणाली मात्रा-वेलांट्यांना अक्षर न मानता शब्दाचे तिथे तुकडे करतात. शीर्षकावरून पानाचा पत्ता बनवला तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नऊ रोमन चिन्हांत उलगडते आणि दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर हातभर लांब दिसतो. पत्त्यात नुसता क्रमांक ठेवावा. डिस्कोर्समध्ये प्रतिसादाची किमान लांबी मुळात २० चिन्हे ठरलेली असते, तेव्हा ‘सहमत’ किंवा ‘+१’ लिहिणाऱ्याला ते परत पाठवते. मराठी फोरमची निम्मी दाद याच दोन शब्दांत दिली जाते, त्यामुळे ही मर्यादा खाली आणणे भाग आहे. लिहिण्यासाठी पूर्वी रोमन कळफलकावरून मराठी उमटवणारी ‘गमभन’सारखी सोय पानातच द्यावी लागे, आता बहुतेक फोनांत मराठी कळफलक असतो, पण संगणकावरून लिहिणाऱ्या जुन्या सदस्यांना ती अजून हवीशी वाटते.

कायदा : भारतात फोरम चालवणारा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खाली मध्यस्थ ठरतो. सदस्यांच्या मजकुराबद्दल कलम ७९ चे संरक्षण त्याला आहे, पण अटींसह. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मजकूर काढण्याचे बंधन न्यायालयाच्या किंवा शासनाच्या आदेशाने येते. २०२१ च्या नियमांनुसार नियमावली आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव-संपर्क स्थळावर द्यावे लागतात. प्रत्येक प्रतिसादाखाली ‘तक्रार करा’ ही कळ आणि उडवलेल्या मजकुराची नोंद ठेवणारी वही, या दोन सोयी नसतील तर ती प्रणाली कितीही देखणी असली तरी ग्राहकाला देऊ नये.

मांडणी व हस्तांतर : रिकामे विभाग लोकांना परतवतात. वीस विभागांत दहा धागे विखुरण्यापेक्षा दोन-तीन विभागांनी सुरुवात करावी. नंतर विभाग वाढवणे सगळ्याच प्रणालींत सोपे असते, ते एकत्र करणे मात्र किचकट. मुख्य व्यवस्थापकाचे खाते, डोमेन आणि प्रती ठेवण्याची जागा ग्राहकाच्या नावावर असावी. बसवणाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर राहिलेली खाती पुढे फार भांडणे लावतात. कधीतरी प्रणाली बदलावी लागतेच. पीएचपीबीबीतून बाहेर पडायला बहुतेक नव्या प्रणालींकडे तयार आयातसाधने आहेत, अनोळखी प्रणालीतून बाहेर पडायला ती नसतात. आयातीत मजकूर येतो, पासवर्ड कधी येतात कधी नाही, जुन्या पानांचे पत्ते मात्र हमखास बदलतात. त्यांना नव्या पत्त्यांकडे कायमचे वळण लावून दिले नाही तर शोधयंत्रांतून येणारे वाचक जुन्या दुव्यांवरूनच मागे फिरतात.