कंट्रोल, आल्ट आणि बाऱ्हाळीचा ‘ऱ’

आज कुठल्याही कार्यालयात जा. संगणकापुढे बसलेला माणूस एका बोटाने कंट्रोलची कळ दाबून धरतो, दुसऱ्याने सी दाबतो, मग व्ही. मजकूर इथून उचलला, तिथे टाकला. माउसला हातही लागत नाही. ही लकब आली कुठून? अमेरिकेतून, असं उत्तर कुणीही देईल. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं आपल्याकडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटांत सापडतं.

नांदेड आणि लातूर ही मोठी गावं झाली. पण उदगीर, देगलूर, अहमदपूर, किनवट अशा तालुक्याच्या गावीही एखाद्या माडीवरून खडखडाट ऐकू यायचा. दहावी-बारावी झालेली मुलं-मुली तासाच्या बोलीवर मशीनपुढे बसत. कारण साधं होतं. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागे. कोरडवाहू शेतीच्या घरात त्या कागदाची किंमत काय असते, हे मराठवाड्याला समजावून सांगायला नको.

आपल्याकडे मराठी टंकलेखनाला आणखी एक संदर्भ आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. १९५६ साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. राजभाषेचा कायदा १९६४ चा. म्हणजे सरकारी कागद मराठीत उमटायची चाल इथे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा नवी होती, आणि ती चालवली या माडीवर शिकलेल्या बोटांनी. गोदरेजने पहिला भारतीय टाइपरायटर बाजारात आणला तो १९५५ साली. पुढची कित्येक दशकं तहसील, कोर्ट आणि बँक त्याच खडखडाटावर चालली.

तिथे शिकवत काय? वरवर पाहता वेग. खरं तर कळांकडे न बघणं. नजर कागदावर आणि बोटं आपापल्या घरी. ‘एएसडीएफ’ आणि ‘सेमीकोलन एलकेजे’ हे धडे दिवसेंदिवस घोटून घेतले जात. पुढे संगणक आला तेव्हा ही मंडळी बिचकली नाहीत, कारण पुढ्यातला कळफलक ओळखीचा होता. शिफ्टची कळ १८७८ च्या रेमिंग्टन मशीनपासून चालत आलेली. तिथे ती खरोखरच यंत्राचा एक भाग सरकवायची, म्हणून तिचं नाव शिफ्ट. एंटरला ‘रिटर्न’ म्हणतात, तेही गाडी परत आणण्याच्या त्या दांड्यामुळे.

कंट्रोल मात्र टाइपरायटरवर नव्हती. ती आली टेलिप्रिंटरवरून. तारेच्या यंत्राला अक्षरांबरोबर हुकूमही पाठवावे लागत: घंटी वाजव, ओळ बदल, थांब. १९६३ साली आस्की नावाची संकेतावली ठरली. तिच्यात कंट्रोलसह अक्षर दाबलं की त्या अक्षराचा बाराखडीतला, म्हणजे एबीसीडीतला, क्रमांक हुकूम म्हणून जाई. जी सातवं, म्हणून कंट्रोल जी म्हणजे घंटी. एम तेरावं, म्हणून कंट्रोल एम म्हणजे एंटर. एच आठवं, म्हणजे एक घर मागे. गंमत बघा, आपल्याकडची तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. पण आजही लिनक्सच्या काळ्या खिडकीत कंट्रोल एच दाबा, अक्षर पुसलं जातं. कंट्रोल एस दाबलात तर पडदा गोठतो आणि कंट्रोल क्यू दाबेपर्यंत हलत नाही. कित्येकांना वाटतं, यंत्र बिघडलं! ते बिघडलेलं नसतं, ते तारयंत्राचा जुना हुकूम पाळत असतं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून याच टायपिंगच्या पाट्यांखाली ‘कॉम्प्युटर’ हा शब्द रंगवला जाऊ लागला. तेव्हा माउस नव्हता. काळा पडदा, लुकलुकणारी एक रेघ आणि डॉसच्या आज्ञा: डीआयआर, कॉपी, डेल. इंग्रजी बोलता न येणारी मुलं या आज्ञा बिनचूक टाइप करत, कारण ते इंग्रजी नव्हतंच. ती स्पेलिंगच्या रूपातली कळांची चाल होती. त्यातून वर्डस्टार. १९७८ चं हे सॉफ्टवेअर अशा यंत्रांसाठी लिहिलं गेलं, ज्यांच्यावर बाणांच्या कळा असतीलच याची खात्री नव्हती. म्हणून वर-खाली, डावी-उजवीकडे जायला कंट्रोलसह ई, एक्स, एस, डी. त्या चार कळा कळफलकावर चौकटीच्या चार टोकांसारख्या बसतात. मजकुराची सुरुवात खुणावायला के-बी, शेवटाला के-के, नक्कल करायला के-सी. मला तर ही योजना आजच्या मेन्यूंपेक्षा सरस वाटते. पण शिकायला चिकाटी लागे.

विंडोज आलं आणि सगळ्यांनी माउस धरला. कट, कॉपी, पेस्ट ही कल्पना झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळा ॲपलच्या १९८३ च्या लिसा संगणकावर त्यासाठी आल्या. डावा हात तिथे, उजवा माउसवर. पुढे विंडोजनेही त्याच कळा घेतल्या. त्यातून एक घोळ झाला, तो आजही आहे. विंडोजमध्ये कंट्रोल सी म्हणजे नक्कल. काळ्या खिडकीत कंट्रोल सी म्हणजे चालू काम तोड. कॉपी करायला जावं आणि काम बंद पडावं!

आता आपल्या भाषेकडे वळू. कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांनी भारतीय लिप्यांवर काम केलं. त्यातून जिस्ट कार्ड झालं आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेलं. संगणकात ते बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलकही प्रमाण ठरला: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. तर्कशुद्ध योजना. पण टाइपरायटरवर मिनिटाला ३० शब्द मारणाऱ्याने ती शिकायची म्हणजे पहिल्या धड्यापासून सुरुवात. पोट ज्या वेगावर चालतं तो वेग कोण सोडणार? म्हणून बहुतेकांनी टाइपरायटरसारखी मांडणी देणारे फाँट धरले.

या फाँटांत एक अडचण होती. आकार पुष्कळ आणि कळा कमी. मग उरलेली जोडाक्षरं आल्टची कळ धरून उजवीकडच्या आकड्यांनी काढायची: शून्य आणि पुढे तीन आकडे. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, महाविद्यालयांची वार्षिकं छापणाऱ्या डीटीपीवाल्यांच्या मॉनिटरशेजारी अशा आकड्यांचा कागद डकवलेला असे, आणि महिन्याभरात त्याची गरज उरत नसे. मराठीचे शॉर्टकट म्हणावेत तर हेच. पण ते एका फाँटपुरते. फाँट बदलला की आकडे बदलले, आणि जुनी फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की अगम्य खुणांची रांग. मराठवाड्यातल्या संस्थांचे त्या वर्षांतले किती अहवाल आणि स्मरणिका आज अशा वाचता न येणाऱ्या फाइलींत पडल्या असतील!

युनिकोडने हा जाच पुष्कळ संपवला. विंडोज २००० पासून देवनागरी यंत्रातच आली. पण एक काटा राहिला: ‘शेतकऱ्यांना’ मधला ऱ. हा चंद्रकोरीसारखा अर्धा र मराठीचं वैशिष्ट्य. हिंदी लिहिणाऱ्याला त्याची गरज पडत नाही, आणि आपल्या कचेऱ्यांचं त्याच्यावाचून पान हलत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट जे, मग डी असा येतो. पण साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण देऊनही तो उमटतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे.

मुखेड तालुक्यात बाऱ्हाळी नावाचं गाव आहे. यादी एकाने एका पद्धतीने टाइप केलेली असते, शोधणारा दुसऱ्या पद्धतीने टाइप करतो. कंट्रोल एफ दाबतो, आणि अनेकदा उत्तर येतं: सापडलं नाही. नाव तर समोर दिसत असतं. अशा वेळी हाताशी एकच युक्ती उरते, ती म्हणजे नुसतं ‘हाळी’ टाकून शोधायचं. बाऱ्हाळी सापडतं. यादी दोन्ही जिल्ह्यांची असेल तर उदगीर तालुक्यातलं हाळी-हंडरगुळीही सोबत येतं.