गिलमन स्ट्रीटचा नियम आणि ‘डूकी’ची समीक्षा

‘ग्रीन डे’ या कॅलिफोर्नियातील त्रिकुटाचा ‘डूकी’ हा अल्बम १ फेब्रुवारी १९९४ रोजी रिप्राइज रेकॉर्ड्स या वॉर्नर समूहातील कंपनीने प्रसिद्ध केला, तेव्हा त्याची समीक्षा दोन ठिकाणी झाली: एक अमेरिकेतील वृत्तपत्रांत आणि संगीतविषयक नियतकालिकांत, तर दुसरी बर्कली शहरातील ९२४, गिलमन स्ट्रीट या सभागृहात, जेथे हा बँड घडला होता. पहिल्या समीक्षेची नोंद पुढील इतिहासांत सविस्तर झाली. दुसरीला बहुधा चिडखोर निष्ठावंतांचा रोष म्हणून बाजूला सारले गेले, आणि तसे करणे अन्यायाचे आहे.

पंक म्हणजे १९७०च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क आणि लंडन येथे आकाराला आलेले, मोजक्या कॉर्डवर आणि वेगवान तालावर उभे असलेले रॉक संगीत. वादनकौशल्याचे प्रदर्शन त्याने जाणीवपूर्वक नाकारले होते. त्याच सांगाड्यावर गुणगुणता येईल अशी चाल आणि दोन आवाजांची हार्मनी चढली की पॉप-पंक तयार होते. ‘रामोन्स’ आणि ‘बझकॉक्स’ या बँडच्या काळापासून ही वाट रुळलेली होती, त्यामुळे ग्रीन डेने काही अभूतपूर्व केले असा दावा कोणी करू नये.

गिलमनचे सभागृह ३१ डिसेंबर १९८६ रोजी सुरू झाले. त्याच्या उभारणीत ‘मॅक्सिमम रॉकनरोल’ या पंक मासिकाचे संपादक टिम योहानन यांचा पुढाकार होता. मद्यविक्री नाही, सर्व वयाच्या श्रोत्यांना प्रवेश, कामाचा भार स्वयंसेवकांवर, आणि वंशद्वेष, स्त्रीद्वेष, समलिंगीद्वेष व हिंसा यांना थारा नाही, अशी तेथील शिस्त होती. मद्याच्या विक्रीवर चालणाऱ्या क्लबांत ज्यांना वयामुळे प्रवेश मिळत नसे, अशा शाळकरी मुलांना येथे ऐकताही येई आणि वाजवताही येई. ग्रीन डेचे बिली जो आर्मस्ट्राँग आणि माइक डर्न्ट हे दोघे अशाच मुलांपैकी होते. त्यांचे सुरुवातीचे दोन अल्बम लुकआउट रेकॉर्ड्स या छोट्या स्थानिक कंपनीने काढले, आणि त्यांपैकी दुसऱ्या, ‘करप्लंक’ नावाच्या अल्बमच्या वेळेपर्यंत ट्रे कूल हा ड्रमवादक त्यांच्यात सामील झाला होता.

१९९३ मध्ये बँडने रिप्राइजशी करार केला आणि निर्माता रॉब कॅव्हालो याच्यासह बर्कलीतीलच फँटसी स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले. गिलमनच्या नियमानुसार मोठ्या कंपनीशी करारबद्ध बँडला तेथे वाजवता येत नसे, म्हणून ग्रीन डेला दार बंद झाले. हा नियम केवळ अहंकारातून आला नव्हता. मोठी कंपनी बँडला जी उचल देते, ती विक्रीतून मिळणाऱ्या रॉयल्टीतूनच वसूल करते. स्टुडिओचे भाडे, निर्मात्याचे मानधन आणि चित्रफितींचा खर्चही बहुतांशी त्याच खात्यावर पडतो, आणि वसुली पुरी होईपर्यंत वादकांच्या हाती काही येत नाही. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात अडीच लाख प्रती विकूनही कर्जात राहणाऱ्या एका काल्पनिक बँडचा हिशेब मांडला होता. जून १९९४ मध्ये ‘मॅक्सिमम रॉकनरोल’ने मोठ्या कंपन्यांविरुद्ध काढलेल्या अंकात तो पुन्हा छापला गेला. संगीत कोणाच्या मालकीचे आहे, हा प्रश्न विचारणारी ही समीक्षा होती, आणि चालीची गोडी सांगून तिला उत्तर देता येत नाही.

वृत्तपत्रीय समीक्षकांनी मात्र मुख्यतः चालीकडेच पाहिले. रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी अल्बमला ‘ए मायनस’ ही वरची श्रेणी दिली, तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये नील स्ट्रॉस यांनी एकूण दर्जाचे कौतुक करतानाच त्याचे पंकशी नाते दूरचे असल्याचे नोंदवले. पंकपासून अंतर पडले हा आक्षेप गिलमनकडूनही येत होता, पण त्याला आधार देणारा पुरावा अल्बममध्ये फारसा नाही. ‘वेलकम टू पॅराडाइज’ हे गाणे ‘करप्लंक’मध्ये आधीच होते आणि ‘डूकी’साठी ते पुन्हा ध्वनिमुद्रित झाले. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकल्या की चाल, वेग आणि रचना जवळपास तीच असून फरक ध्वनीच्या सफाईत आणि भरीवपणात आहे, हे स्पष्ट होते. बँडचे संगीत विकले गेले नव्हते. बदलला होता तो त्याच्या वितरणाचा मालक, आणि हे दोन मुद्दे एकमेकांत मिसळल्यामुळेच त्या काळातील वाद इतका कडवट झाला. मे १९९४ मध्ये ‘डेड केनेडीज’ या पंक बँडचे माजी गायक जेलो बियाफ्रा यांना गिलमनमध्येच ‘विकला गेलेला’ ठरवून मारहाण झाली, जरी ते स्वतः एका स्वतंत्र ध्वनिमुद्रण कंपनीचे चालक होते. हिंसेला थारा न देणाऱ्या जागेत हे घडले, यावरून तत्त्वाची शंकेखोरीत झालेली घसरण कळते.

विक्रीने हा वाद मिटला नाही, केवळ त्याचा आवाज दडपला. अल्बम ‘बिलबोर्ड’च्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, १९९५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट पर्यायी संगीताचा ग्रॅमी मिळाला, आणि १९९९ पर्यंत अमेरिकेत एक कोटी प्रतींचे प्रमाणपत्र लाभले. मात्र ‘डूकी’च्याच वर्षी, एप्रिल १९९४ मध्ये, ‘ऑफस्प्रिंग’ या बँडने एपिटाफ या स्वतंत्र कंपनीतर्फे ‘स्मॅश’ काढून प्रचंड विक्री साधली. मोठ्या कंपनीखेरीज एवढा श्रोतृवर्ग अशक्य आहे, हे समर्थन त्यामुळे कमकुवत झाले.

ग्रीन डेने आपल्यावरील बहिष्काराचा विषय ऑक्टोबर १९९५ मधील ‘इन्सॉम्नियाक’ या पुढील अल्बममधील ‘एटी-सिक्स’ या गाण्यात थेट घेतला. गिलमनमध्ये ते पुन्हा वाजवू शकले ते १७ मे २०१५ रोजी, आगीत नुकसान झालेल्या ए. के. प्रेस या प्रकाशनसंस्थेच्या आणि एका छपाईखान्याच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात.