दिवसाला एकच मंत्र, तोही म्हटला की विसरायचा! जुन्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये लढाई आणि जादू कशी चालायची?

पाटणजवळच्या दातेगडावर कातळात कोरलेली, तलवारीच्या आकाराची खोल विहीर आहे. समजा, पाटणमधले चार मित्र टेबलाभोवती बसलेत आणि पाचवा सांगतोय, "तुम्ही त्या विहिरीच्या पायऱ्या उतरताय. हातात एकच मशाल. खाली सहा गॉब्लिन, म्हणजे बुटके दुष्ट जीव, बसलेत. काय करणार?"

हा झाला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. यात स्क्रीन नसते. कागद, पेन्सिल, फासे आणि बोलणं एवढ्यावर खेळ चालतो. पाचवा मित्र म्हणजे सूत्रधार.

हा खेळ आला कुठून?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' अमेरिकेत १९७४ साली आला. त्याआधी १९७१ मध्ये 'चेनमेल' हे छोट्या बाहुल्यांनी लढाया खेळण्याचं नियमपुस्तक आलं होतं. नव्या खेळाची मुळं तिथेच आहेत. फरक इतकाच की इथे प्रत्येक खेळाडू सैन्य नाही, तर एकच पात्र सांभाळतो. खालचे आकडे १९८१ च्या 'बेसिक' आवृत्तीतले आहेत.

लढाई कशी होते?

आधी दोन्ही बाजू सहा पैलूंचा फासा टाकतात. ज्यांचा आकडा मोठा, त्यांचा वार आधी. वार लागला का, हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. समोरच्याचं चिलखत 'आर्मर क्लास' या आकड्याने मोजतात आणि हा आकडा जितका कमी, तितकं संरक्षण जास्त. गॉब्लिनचा आर्मर क्लास ६. नवख्या योद्ध्याला त्याच्यावर वार लागू करायला १३ किंवा जास्त पडावे लागतात. म्हणजे शंभरातले साठ वार फुकट!

वार लागला की हिट पॉइंट्स कमी होतात. शून्यावर आले की पात्र मेलं.

जादूगाराची गोष्ट वेगळी का?

नवख्या जादूगाराला चिलखत चालत नाही. त्याचे हिट पॉइंट्स चार पैलूंच्या फाशावर ठरतात, म्हणजे जास्तीत जास्त ४. गॉब्लिनचा एक वार १ ते ६ हिट पॉइंट्स नेतो. आणि जादू? दिवसाला एक मंत्र. तो सकाळी पाठ करायचा आणि एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जातो. ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकातून आली.

मराठी वाचकाला ही अडचण नवी नाही. कर्णाकडची वासवी शक्ती एकदाच वापरता येणार होती. अर्जुनासाठी राखून ठेवलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्च झाली.

विहिरीतल्या जादूगारापुढे हाच पेच आहे. त्याच्याकडे 'स्लीप' मंत्र असेल तर आठ पैलूंचे दोन फासे टाकायचे. जितकी बेरीज, साधारण तितके गॉब्लिन झोपतात. बहुतेक वेळा सहाही आडवे होतील. पण आणखी खाली काही मोठं दबा धरून बसलं असेल तर?

मग लढायचंच कशाला?

अनेकदा लढू नये, हेच या नियमांचं गणित सांगतं. पात्राची पातळी अनुभवाच्या गुणांवर वाढते. एक गॉब्लिन हरवला तर ५ गुण, तर बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याला १ गुण. शंभर नाणी गुपचूप पळवली, तर वीस गॉब्लिन मारल्याइतके गुण मिळतात. शिवाय शत्रूही शेवटपर्यंत लढेलच असं नाही. त्यांच्यातला पहिला पडला की सूत्रधार सहा पैलूंचे दोन फासे टाकतो. गॉब्लिनांच्या बाबतीत बेरीज ७ च्या वर गेली की त्यांचा धीर सुटतो.

म्हणून जुने खेळाडू तलवार उपसण्याआधी प्रश्न विचारतात. दुसरी वाट आहे का? त्यांना खाऊ देऊन वळवता येईल का? दोर सोडून गुपचूप उतरता येईल का?

२०१४ च्या आवृत्तीत जादूगाराला काही छोटे मंत्र हवे तितक्या वेळा वापरता येतात आणि शून्यावर आलेलं पात्र सहसा लगेच मरत नाही. तरीही अनेक जण आजही जुन्याच नियमांनी खेळतात, कारण तिथे एकुलता एक मंत्र कधी वापरायचा हे ठरवताना हात खरंच थबकतो.