१७ सप्टेंबर ते २६ जानेवारी : मधल्या सोळा महिन्यांची गोष्ट

मुरुमहून बोलतोय. आजचा विषय संविधान. थांबा, लगेच पुढचं गाणं लावू नका. नागरिकशास्त्राचा धडा वाचून दाखवणार नाहीये, गोष्ट आपल्याच भागातली आहे.

एक साधा प्रश्न. आपल्याला, म्हणजे मुरुम-उमरग्याच्या लोकांना, हक्क कधी मिळाले?

कुणी म्हणेल १५ ऑगस्ट १९४७. नाही. त्या दिवशी सोलापुरात तिरंगा फडकला, पण तिकडून हद्द ओलांडून इकडं आलं की निजामाचं राज्य. हैदराबादेत स्वामी रामानंद तीर्थांना तर त्याच दिवशी अटक झाली. मग कुणी म्हणेल १७ सप्टेंबर १९४८, मुक्तिदिन. अर्धं बरोबर. उरलेलं अर्धं उत्तर काय, तेच आज बघू.

आधी निजामाच्या राज्यात कायदा कसा चालायचा ते बघा. आपल्या घरात कुणी जास्तच हुकूम सोडायला लागलं की आपण म्हणतो, 'आलं बघा फर्मान!' आपण हे गमतीनं म्हणतो, पण आपल्या पणजोबांच्या काळी फर्मान हाच कायदा होता. निजामाची सही झाली की विषय संपला. १९२०च्या दशकात सरकारनं एक गश्ती काढली, गश्ती म्हणजे परिपत्रक. नंबर ५३. राजकीय सभा घ्यायची असेल तर आधी सरकारची परवानगी पाहिजे. परवानगी नाकारली तर दाद मागायची कुणाकडं? ज्यानं नाकारली त्याच्याकडंच.

म्हणून लोकांनी आडवाटा शोधल्या. वाचनालयं काढली, शाळा काढल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा त्यातलीच. १९२१ साली सुरू झालेली, आज लोहारा तालुक्यात येते. व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक तिथं आले, तिथंच असताना त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं, तर स्थापना व्हायच्या आधीच सरकारनं तिच्यावर बंदी घातली! मग सत्याग्रह झाला, माणसं तुरुंगात गेली. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. म्हणजे राज्य करणाऱ्यानं लोकांना उत्तर दिलं पाहिजे, एवढंच.

ही मागणी फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये १२१५ साली सरदारांनी राजाकडून मॅग्ना कार्टा नावाच्या सनदेवर शिक्का मारून घेतला. राजासुद्धा कायद्याला बांधील आहे, ही कल्पना त्यातून पुढं वाढत गेली. आपल्याकडं १९३१ च्या कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांचा ठराव केला. हिप्परग्याची पोरं आणि तिकडचे सरदार एकमेकांना ओळखत नव्हते, पण प्रश्न एकच होता : हुकूम देणाऱ्याला विचारणारं कुणी आहे का?

आता १९४८. रझाकारांचा जुलूम गावागावानं सोसला, त्या गोष्टी आपण घरी ऐकल्यात. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. लोकांनी मोकळा श्वास घेतला.

पण यानंतरचं पान आपण सहसा उलटत नाही. पुढचं वर्षभर संस्थानात लष्करी राज्यपाल होते, जनरल चौधरी. पहिल्या काही आठवड्यांत अनेक ठिकाणी सूड घेतला गेला. रझाकारांशी काहीही संबंध नसलेली मुस्लिम माणसं मारली गेली, घरं लुटली गेली. भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिनं सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे सांगितले, त्यात उस्मानाबाद होता. आपलाच जिल्हा. समितीच्या अंदाजानं संस्थानभर २७ ते ४० हजार माणसं गेली. अहवाल कित्येक दशकं बाहेरच आला नाही.

हे सांगितलं म्हणून मुक्तिसंग्राम लहान होत नाही. लढणाऱ्यांनी जे मागितलं होतं ते किती गरजेचं होतं, हेच यातून कळतं. जुलमी राजा गेला तरी माणूस आपोआप सुरक्षित होत नाही. त्याच्या नावावर लिहिलेला हक्क लागतो, आणि तो हक्क शेजाऱ्याच्या नावावरही तेवढाच लागतो.

पुढं गंमत बघा. संविधान सभेत हैदराबादचा एकही प्रतिनिधी नव्हता. २३ नोव्हेंबर १९४९ ला निजामानं जाहीर केलं की भारताचं संविधान हेच हैदराबादचं संविधान असेल. कशानं जाहीर केलं? फर्मानानं! ज्या फर्मानानं आयुष्यभर तोंड बंद केलं, त्याच फर्मानानं स्वतःची जागा सोडली. तीन दिवसांनी दिल्लीत संविधान स्वीकारलं गेलं आणि २६ जानेवारी १९५० ला ते लागू झालं.

त्या दिवशी काय बदललं? कलम १९ : शांततेनं, शस्त्रांशिवाय जमायचा हक्क. म्हणजे गश्ती ५३ च्या बरोबर उलट. कलम १३ : जुना कायदा मूलभूत हक्काच्या आड आला तर तेवढा रद्द. कलम २२ : अटक केली तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं. कलम ३२ : हक्क डावलला तर थेट सुप्रीम कोर्टात. दाद मागायला आता दुसरं दार होतं.

आणि १९५२ च्या निवडणुकीत मुरुमच्या बाईनं मत दिलं. शिकलेली असो नसो, शेत असो नसो, वय २१ पूर्ण एवढंच बघितलं गेलं.

म्हणून माझ्या मते १७ सप्टेंबर आणि २६ जानेवारी या दोन तारखा सोबतच लक्षात ठेवायच्या. एका तारखेला राजा गेला, दुसरीला कायदा आला. मधले सोळा महिने विसरलो तर दोन्हींचा अर्थ निम्माच कळेल.

तुमच्या घरी १९५२ चं मतदान आठवणारं कुणी असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा, मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. ही माणसं आता फार थोडी उरलीत. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.